डोळे मिचकावणारा मुलगा आणि न दिलेल्या दोन गोळ्या

प्रश्न : आदरणीय डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहतो. कोरडवाहू शेती आहे; कापूस आणि तूर घेतो. माझा मुलगा ९ वर्षांचा असून चौथीत शिकतो. गेल्या माघ महिन्यात त्याचे दोन्ही गुडघे आणि उजवा घोटा सुजला. सकाळी उठल्यावर तासभर त्याला पाय जमिनीवर टेकवत नसे. नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात लहान मुलांचा संधिवात असल्याचे निदान झाले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यामुळे हा आजार होतो, असे तेथील डॉक्टरांनी समजावून सांगितले. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, त्यासोबत फॉलिक ॲसिड आणि हळूहळू कमी करत आणलेली प्रेडनिसोलोन अशी औषधे चालू आहेत. सूज उतरली आणि पोरगा पुन्हा धावू लागला.

तान्ह्या पोळ्याला तो आपला लाकडी बैल सजवून घरोघरी फिरत होता, तेव्हा तो सारखे डोळे मिचकावतो हे शेजारच्या काकूंनी प्रथम दाखवून दिले. महिनाभराने मान एका बाजूला झटकणे सुरू झाले आणि दिवाळीपासून घशातून ‘हुं, हुं’ असा आवाजही येतो. झोपेत काहीच होत नाही. चित्र काढत बसला की बरेच कमी होते, परंतु यजमानांसमोर अभ्यासाला बसला की वाढते. ते ओरडतात, गुरुजी वर्गात उभे करतात, आणि आत्याबाईंच्या (माझ्या सासूबाईंच्या) मते त्याला बाहेरचे काही लागले आहे. ही सारी कडक औषधांची उष्णता असावी असे वाटून मी मागच्या दोन आठवड्यांची मेथोट्रेक्सेटची गोळी त्याला दिलेली नाही. हे घरात कोणालाही ठाऊक नाही. ही औषधे कायमची बंद करावीत का? आणि त्याच्याशी आम्ही कसे वागावे?
— एक आई

उत्तर : ताई, आधी त्या दोन गोळ्यांविषयी. तुम्ही ही गोष्ट लपवली याबद्दल तुम्हाला बोल लावण्याचा माझा हेतू नाही. डोळ्यांदेखत मुलाची मान झटकत असताना हातातल्या औषधावरच संशय जाणे स्वाभाविक आहे. परंतु नागपूरच्या डॉक्टरांना हे आजच फोन करून सांगा, आणि चुकलेल्या मात्रा भरून काढण्यासाठी दोन-तीन गोळ्या एकदम मुळीच देऊ नका. मेथोट्रेक्सेट हे आठवड्यातून एकदाच घ्यायचे औषध आहे. चुकून ते रोज दिले गेल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून गोळीचा वार भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ठळक लिहून ठेवावा, असे मी प्रत्येक घराला सांगतो. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोष्ट तर याहून नाजूक आहे. ही गोळी काही महिने चालू राहिली की शरीर स्वतःचे स्टेरॉइड तयार करण्याचे काम मंद करते, आणि ती अचानक थांबवल्यास उलट्या, कमालीचा अशक्तपणा आणि रक्तदाब कोसळणे असे गंभीर प्रकार होऊ शकतात. तुम्ही तिला हात लावला नाही, हे फार चांगले केलेत.

आता औषधाच्या दोषाविषयी. आठवड्याला एकदा दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या लहान मात्रेमुळे डोळे मिचकावणे किंवा मान झटकणे सुरू होते, असा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम नाही. मळमळ, तोंड येणे, यकृतावर ताण येणे हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत, आणि त्यांच्यासाठीच रक्ताच्या तपासण्या केल्या जातात. स्टेरॉइडमुळे मात्र मुलांची झोप उडते, चिडचिड आणि अस्वस्थता वाढते, आणि ज्या मुलाला अशा हालचाली आधीच होत असतात त्याच्या हालचाली अपुऱ्या झोपेने वाढतात. गोळी सकाळी न्याहारीनंतर दिली जाते की संध्याकाळी, एवढे तपासून डॉक्टरांना विचारा. आणखी एका औषधाची चौकशी मी आवर्जून करतो. मेथोट्रेक्सेटच्या मळमळीसाठी गावातल्या दवाखान्यात मेटोक्लोप्रामाइड हे उलटीचे औषध दिले जाते, आणि लहान मुलांमध्ये त्याने मान वाकडी होऊन अडकणे, डोळे वर चढणे, जीभ बाहेर येणे असे प्रकार काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत होऊ शकतात. तुम्ही वर्णन केलेले चित्र तसे नाही, तरीही असे औषध कधी दिले असल्यास त्याचे पाकीट सोबत न्या.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून बहुधा या ‘टिक्स’, म्हणजे इच्छा नसताना पुन्हा पुन्हा होणाऱ्या झटपट हालचाली आणि आवाज, असाव्यात. शालेय वयातल्या मुलांत, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक, त्या दिसतात. साधारण ५ ते ७ वर्षांच्या सुमारास सुरू होतात, बहुतेकदा चेहऱ्यापासून, आणि मग मान-खांद्यांकडे उतरतात. कधी वाढतात, कधी महिनाभर नाहीशा होतात, एक जाते आणि दुसरी येते. चित्र काढताना कमी होणे, वडिलांसमोर वाढणे आणि झोपेत थांबणे हे सारे त्यांच्या स्वभावाला धरूनच आहे. फ्रेंच वैद्य जिल द ला तुरेत यांनी १८८५ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले, म्हणून शरीराच्या अनेक टिक्स आणि आवाजाची किमान एक टिक वर्षाहून अधिक काळ राहिल्यास त्या विकाराला त्यांचे नाव देतात. तुमच्या मुलाला तीन महिनेच झाले आहेत, तेव्हा कोणतेही मोठे नाव त्याच्यावर चिकटवण्याची वेळ आलेली नाही. पुष्कळ मुलांच्या टिक्स वर्षाच्या आत आपोआप मावळतात.

एवढे लिहून मी थांबलो असतो, जर त्याला संधिवात नसता. या आजारामुळे तीन गोष्टी तपासल्याखेरीज ‘टिक आहे, जाईल’ असे कोणी म्हणू नये.

पहिली गोष्ट डोळ्यांची, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत तातडीची. लहान मुलांच्या संधिवातात डोळ्याच्या मधल्या थराला सूज येऊ शकते, तिला युव्हायटिस म्हणतात. कठीण बाब अशी की या सुजेत बहुतेकदा डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करत नाही, आणि आत मोतीबिंदू, काचबिंदू किंवा दृष्टी अधू होण्यापर्यंत नुकसान होत राहते. बाहेरून टॉर्च मारून ती दिसत नाही. स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राखालीच ती कळते, आणि धोका अधिक असलेल्या मुलांत ही तपासणी दर ३ महिन्यांनी करावी लागते. डोळे मिचकावणारे मूल पाहून घरातल्यांनी ‘सवय’ म्हणणे आणि गावातल्या डॉक्टरांनी थेंब देणे हे अशा मुलाच्या बाबतीत पुरेसे नाही. तुमच्या पत्रात डोळ्यांच्या तपासणीचा उल्लेख नाही. कापसाची वेचणी आटोपल्यावर जाऊ, असे कृपया करू नका. याच आठवड्यात जा. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय तुम्हाला नागपूरपेक्षा जवळ पडत असल्यास तेथील नेत्रविभागात जा आणि कार्डावर ‘संधिवात, युव्हायटिसची तपासणी’ असे स्पष्ट लिहून घ्या.

दुसरी गोष्ट मानेची. हा संधिवात मानेच्या मणक्यांच्या सांध्यांतही येतो. मान दुखते का, दोन्ही बाजूंना सारखी वळते का, हे संधिवाताच्या डॉक्टरांनी हाताने तपासायला हवे. दुखऱ्या मानेला मूल आपणहून हलवत असेल, तर तिचा विचार टिक म्हणून करून चालणार नाही, आणि टिक असली तरी जोराचे झटके आजारी मणक्यांना सोसत नाहीत.

तिसऱ्या गोष्टीचे नाव कोरिया. घशाच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या संसर्गानंतर काही आठवड्यांनी काही मुलांना संधिवाती ताप (रुमॅटिक फीवर) येतो. त्यातही प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटते. सांधे सुजतात, हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात, आणि काही मुलांत मेंदूच्या खोल भागावर परिणाम होऊन हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली सुरू होतात. सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य थॉमस सिडनहॅम यांच्या नावाने तो विकार ओळखला जातो. टिक आणि कोरिया यांतला फरक आईच्या डोळ्यांना कळू शकतो. टिक तीच ती, ठरावीक असते. मूल ती क्षणभर रोखू शकते, आणि ती करण्याआधी आत काहीतरी चुळबुळ होते असे मोठी मुले सांगतात. कोरियातल्या हालचाली वाहत्या आणि दर वेळी वेगळ्या असतात. हातातून पेला पडतो, अक्षर बिघडते, जीभ बाहेर काढून धरता येत नाही, तुमची बोटे घट्ट धर म्हटले तर पकड दूध काढणाऱ्या हातासारखी आवळते आणि सैलावते, आणि मूल विनाकारण रडते. गेल्या चार महिन्यांच्या वह्या काढा आणि अक्षर एकमेकांशी ताडून पाहा. असे काही आढळले तर मूळ निदान पुन्हा तपासून हृदयाची इको करावी लागते, आणि कारण संधिवाती ताप ठरल्यास दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते.

घशाच्या संसर्गानंतर एकाएकी टिक्स आणि मंत्रचळ सुरू होणाऱ्या मुलांच्या एका गटाचे वर्णन अमेरिकेत सुसान स्विडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये केले, आणि त्याविषयी डॉक्टरांमध्ये अजूनही वाद आहे. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहून कोणी प्रतिजैविके सुचवली तर स्वतःहून ती सुरू करू नका. तुमच्या मुलाच्या टिक्स हळूहळू वाढल्या आहेत. एका रात्रीत स्वभाव पालटणे, जेवण सोडणे, वारंवार हात धूत राहणे, असे झाले तर मात्र लगेच कळवा. ताप येऊन मूल असंबद्ध बोलू लागले, झटक्यात शुद्ध हरपली, बोलणे किंवा चालणे बिघडले, किंवा झोपेतही हालचाली होऊ लागल्या, तर दुसऱ्या दिवशीच्या एसटीची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा.

जाताना दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या, कारण डॉक्टरांच्या खोलीत मुले नेमकी टिक रोखून धरतात आणि आईच खोटी पडते. व्हिडिओ मुलाला विचारून काढा; चोरून काढलेला त्याला कळला तर त्याची भीती वाढेल.

आता घराविषयी, आणि इथे मी तुमच्या यजमानांशीही बोलतो आहे. मुलगा हे मुद्दाम करत नाही. त्याला ‘बस कर’ म्हणणे म्हणजे शिंक येताना ‘शिंकू नको’ म्हणण्यासारखे आहे: तो क्षणभर थांबवील, आणि तेवढा वेळ त्याचे लक्ष अभ्यासावर नसून त्या शिंकेवर असेल. शाळेत दिवसभर दाबून ठेवलेले घरी आल्यावर उसळते. म्हणून ‘गुरुजींसमोर बरा राहतो, आपल्यासमोरच नाटक करतो’ हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. पुढचे तीन आठवडे घरात कोणीही त्याच्या टिकविषयी एक शब्दही बोलू नये: न रागाने, न मायेने, न ‘आज कमी आहे हो’ असे कौतुकाने. हे वाचायला सोपे आणि पाळायला फार अवघड आहे. आठवडाभरात तुमच्यापैकी कोणाची तरी जीभ घसरेल, तेव्हा तेथूनच पुन्हा सुरुवात करा. तो स्वतः विचारील तेव्हा खरे सांगा, की मेंदूकडून स्नायूंना नको असताना हाक जाते, अनेक मुलांना असे होते, आणि तू वेडा नाहीस. वेचणीच्या दिवसांत तुम्ही पहाटेच शेतावर जाता हे मी समजू शकतो, तरी त्याचे झोपण्याचे घड्याळ तेवढे सांभाळा आणि रात्रीचा मोबाइल दूर ठेवा. नऊ महिने सुया, रक्ततपासण्या आणि नागपूरच्या फेऱ्या झेललेले ते मूल आहे; त्याला कशाची धास्ती वाटते हे एकदा शांतपणे विचारा.

तरीही त्रास राहिला तर औषधाआधी एक प्रशिक्षण असते. टिक येण्याआधीची चुळबुळ ओळखायची आणि तिच्या उलट दिशेची हालचाल हळूच धरून ठेवायची, असे त्यात शिकवतात. मानेच्या टिकसाठी मानेची तपासणी होईपर्यंत ते करू नये. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात विचारा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर सरकारी सल्ला विनामूल्य मिळतो.

शाळेत गुरुजींना एकट्याने भेटा आणि डॉक्टरांचे पत्र द्या. टिकसाठी वर्गात उभे करणे ही शिक्षा आहे, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई आहे. पण पहिल्याच भेटीत कलम काढू नका. बहुतेक गुरुजींना एवढेच ठाऊक नसते, की हा खोडकरपणा नाही. सर्वांच्या नजरेसमोरच्या जागेऐवजी कडेचा बाक आणि मन भरून आले की दोन मिनिटे बाहेर जाण्याची मोकळीक, एवढे मागा.

आत्याबाईंचा गंडा त्याच्या मनगटात राहिला तर माझी हरकत नाही; त्यांच्या नातवावरच्या मायेशी भांडण नको. मात्र जाणत्याने (भगताने) दिलेली कोणतीही पूड किंवा काढा पोटात जाऊ देऊ नका, कारण मेथोट्रेक्सेटचा भार आधीच यकृतावर असतो, आणि धुरी देणे किंवा फटके मारणे यांना स्पष्ट नकार द्या. त्या दोन गोळ्यांची गोष्ट यजमानांना आज रात्रीच सांगा, म्हणजे नागपूरला फोन करताना ते तुमच्या शेजारी असतील.