वाचक विचारतात : देवाचं सान्निध्य, कृपादानं आणि त्यांची पारख

प्रश्न : पूर्वी प्रार्थनेला बसलं की डोळे भरून यायचे. गेले काही महिने नुसता कोरडेपणा आहे. देव दूर गेला का?

उत्तर : नाही. आपल्याबरोबर राहण्याचं वचन देवाने दिलं आहे; त्याची जाणीव आपल्याला कधी होते, कधी होत नाही. बायबलमधलं ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं, तरीही ती प्रार्थनाच आहे. कोरडेपणाचं कारण मात्र शोधा. अपुरी झोप, दुःख, मनात धरून ठेवलेला राग, कबूल न केलेलं पाप, यांपैकी काहीही असू शकतं. संदेष्टा एलीया झुडपाखाली ‘आता पुरे’ म्हणत मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून खायला-प्यायला दिलं. देवाची ‘शांत, मंद वाणी’ त्यानंतरची आहे (१ राजे १९).

रोजची वीस मिनिटं ठरवून घ्या. एका स्तोत्रातली आठ-दहा वचनं मोठ्याने, सावकाश, दोनदा वाचा. जी ओळ मनाला धरून ठेवेल तिथे थांबा आणि ती आपल्या शब्दांत देवाला सांगा. शेवटची पाच मिनिटं काहीही मागू नका, गप्प बसा. मन भटकेलच, भटकलं की त्याच ओळीवर परत या. भावना उसळाव्यात म्हणून गाण्यांचा आवाज वाढवत नेऊ नका. गाणं थांबलं की कोरडेपणा अधिकच बोचतो. आणि झोप, भूक, कशातलाही रस दोन आठवड्यांहून जास्त काळ गेलेला असेल, तर डॉक्टरांना भेटा. त्याने विश्वास कमी ठरत नाही.

प्रश्न : प्रार्थना गटातल्या एका ताईंनी सगळ्यांसमोर मला सांगितलं, “प्रभू म्हणतो, ही नोकरी सोड.” त्या प्रामाणिक आहेत. मी काय करावं?

उत्तर : लगेच राजीनामा देऊ नका आणि ताईंना खोटंही ठरवू नका. संदेशांना तुच्छ मानू नका, पण सगळं पारखून घ्या, असं प्रेषित पौल एकाच दमात सांगतो (१ थेस्सलनीका ५:२०-२१). करिंथच्या मंडळीला (तिथल्या चर्चला) त्याने नियमच घालून दिला : दोघा-तिघांनी संदेश द्यावा आणि इतरांनी त्याची पारख करावी (१ करिंथ १४:२९). तेव्हा तुम्ही प्रश्न विचारलेत म्हणून आत्म्याचा अपमान होत नाही. उलट ‘मला कोणी प्रश्न विचारायचे नाहीत’ असं जो म्हणतो, त्याच्याबद्दल सावध राहावं.

आधी ते शब्द जसेच्या तसे, तारीख घालून, लिहून काढा. आठवडा गेला की ऐकलेलं किती आणि आपण भर घातलेली किती, हे सांगता येत नाही. मग ताईंना शांतपणे विचारा : तुम्हाला नेमकं काय जाणवलं किंवा दिसलं? त्याचा अर्थ तुम्ही काय लावला? आणि ‘नोकरी सोड’ हा शब्द ऐकलेला की अर्थावरून काढलेला? घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. प्रेषितांची कृत्ये, २१ वा अध्याय पाहा. अगब नावाचा संदेष्टा कैसरीया शहरात पौलाचा कमरबंद घेतो, स्वतःचे हातपाय बांधतो आणि सांगतो की यरुशलेमेत या कमरबंदाच्या मालकाला असंच बांधतील. तिथले सगळे रडून विनवतात, ‘जाऊ नकोस.’ इशारा खरा होता, पण त्यावरून काढलेला सल्ला पौलाने मानला नाही, तो गेला.

यानंतर पाहायचं ते असं. संदेश शास्त्राच्या विरुद्ध जातो का? तुमच्यावर अवलंबून असलेल्या माणसांचं काय होईल? सांगणाऱ्याला त्यातून पैसा किंवा तुमच्यावर ताबा मिळतो का? देव याविषयी तुमच्याशी आधीपासून बोलत होता का, की हे अचानक बाहेरून आलं? पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आणि त्या गटाबाहेरच्या दोन अनुभवी विश्वासणाऱ्यांना लिहिलेला कागद दाखवा. ‘आजच ठरव’ असा दबाव येत असेल, तर तेवढंच थांबायला पुरेसं कारण आहे.

गट चालवणाऱ्यांनाही सांगतो : लग्न, मूल, नोकरी आणि पैसा यांविषयीचे संदेश सभेत देऊ देऊ नका, आधी पाळकांकडे न्या. आणि ‘प्रभू म्हणतो’ऐवजी ‘मला असं वाटतंय, तुम्ही पारखून पाहा’ असं म्हणायला शिकवा. ऐकणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक राहते.

प्रश्न : मला अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने येणारी, न शिकलेली भाषा) बोलता येत नाहीत. मला कृपादान, म्हणजे आत्म्याने दिलेली देणगी, मिळालंच नाही का?

उत्तर : ‘सगळेच अन्य भाषा बोलतात काय?’ हा पौलाचाच प्रश्न आहे आणि त्याला अपेक्षित उत्तर ‘नाही’ असंच आहे (१ करिंथ १२:३०). पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये अन्य भाषा ही आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण मानतात, इतर अनेक मंडळ्या तसं मानत नाहीत. पण लोक भोवती उभे आहेत म्हणून कोणाचे तरी आवाज घोकून म्हणू नका.

१ करिंथ १२:८-१० मध्ये नऊ दानं आहेत, रोम १२:६-८ मध्ये सात, आणि दोन्ही याद्या जुळत नाहीत. रोमच्या यादीत सेवा, दान देणं, दया करणं हीही आहेत. प्रश्नावल्या भरून आपली आवड कळते, दान नव्हे. त्यापेक्षा मंडळीतली एक-दोन कामं तीन महिने करा आणि ज्यांच्यासाठी केलीत त्यांना विचारा, ‘कशाचा उपयोग झाला?’ घरच्यांना नको, ते कौतुकच करतील.

प्रश्न : आजारासाठी प्रार्थना झाली, बरं वाटतंय. गोळ्या बंद केल्या तर चालतील का?

उत्तर : स्वतःहून बंद करू नका. प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांना याजकांकडे जाऊन दाखवायला सांगितलं. बरं झाल्याची खात्री करून घेण्याची तेव्हाची रीत तीच होती. तुम्ही तपासण्या करून घ्या आणि गोळ्या कमी करायच्या की थांबवायच्या हे डॉक्टरांना ठरवू द्या. इन्सुलिन, फिट्सची आणि मानसिक आजाराची औषधं एकदम थांबवली तर जिवावर बेतू शकतं. पौलाने आपला सहकारी त्रफिम याला मिलेत शहरात आजारी असतानाच सोडलं होतं; म्हणून ‘अजून गोळी घेतेस म्हणजे विश्वास नाही’ असं कोणी म्हणालं, तर त्यांना २ तीमथ्य ४:२० वाचायला द्या.