खुंटा हातात आल्यावर आठवणाऱ्या ओव्या

आपला प्रश्न असा आहे की, संगीतामुळे माणूस आपल्या मुळांशी जोडलेला राहतो असे सगळेच म्हणतात, पण ज्याला आपल्या घरचे, आपल्या गावचे असे एकही गाणे पुरते येत नाही त्याची मुळे तुटली असे समजायचे का. मलाही माझ्या आजीच्या ओव्यांपैकी धड पाच-सहा येतात. तरीही या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते का, हे आजीच्या जात्यावरूनच मला सांगता येईल, कारण याविषयी मी जे काही समजले ते तिथेच समजले.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, पुरंदर तालुक्यात नीरा नदीच्या काठच्या गावात नांदली. तिचे माहेर नदीच्या पलीकडे, लोणंदच्या बाजूला होते. वडील नोकरीसाठी पुण्याला आल्यामुळे आम्ही शहरात वाढलो आणि गाव सुट्टीपुरते राहिले. माझ्या लहानपणी गावात पिठाची गिरणी आली होती, त्यामुळे रोजचे दळण जात्यावर होत नसे. पण डाळी भरडायला, सणाच्या पुरणाआधी हरभरे काढायला जाते लागायचे आणि पहाटे अर्धवट झोपेत त्याची घरघर व तिच्यावर तरंगणारा आजीचा आवाज कानावर पडायचा. शब्द कळत नसत. घरघर मात्र इतकी ओळखीची झाली की आजही दगडावर दगड फिरण्याचा आवाज कुठे आला तर मला आधी गोधडीची ऊब आठवते आणि गाणे त्यानंतर.

१९९४ मध्ये मी कॉलेजात असताना आजीच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायचे ठरवले. सोप्यात घोंगडी अंथरली, टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवला आणि ‘आता म्हण’ म्हणून सांगितले. आजीने तीन ओव्या म्हटल्या आणि ती थांबली. पुढचे आठवेना. मी एकेका ओवीची सुरुवात करून देत होते, ती मान हलवत होती, आणि शेवटी कसनुशी होऊन म्हणाली, “असं बसून कुठं येत्यात गं त्या?” तेव्हा माझ्या धाकट्या काकूने काही न बोलता जाते पुढे ओढले, सुपात मूठभर ज्वारी घेतली आणि आजीचा हात खुंट्यावर ठेवला. जाते दोन-तीन वेळा फिरले आणि ओव्या येऊ लागल्या. एकीचा शेवट दुसरीला ओढून आणत होता. मध्ये घास घालायला हात थांबला की आजी पहिलीच ओळ पुन्हा म्हणायची आणि तेवढ्यात पुढची जुळून यायची. कॅसेटची एक बाजू संपून दुसरी लावली तरी तिचे दळण चालूच होते.

त्या दिवशी मला जे दिसले ते पुढे वाचनातूनही पक्के होत गेले. आपण आठवण म्हणतो ती सगळी एकाच जातीची नसते. गावाचे नाव, लग्नाचे साल या गोष्टी आपण विचारल्यावर सांगू शकतो. पोहणे, वेणी घालणे, भाकरी थापणे या गोष्टी सांगता येत नाहीत, त्या अंग करते. ओवी या दोहोंच्या मधोमध राहते. तिचे शब्द जिभेवर असतात, पण त्यांना बाहेर काढणारी लय खांद्यातून आणि मनगटातून येते. आमच्याकडच्या बायका ओवीच्या चालीला ‘गळा’ म्हणतात, आणि प्रत्येकीचा गळा तिने ज्या बाईच्या समोर बसून दळले तिच्याकडून आलेला असतो. म्हणून ‘गाणे येत नाही’ असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की ते गाणे ज्या कामाला बांधलेले होते ते काम आपल्या हातून गेले आहे.

ही बांधणी फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ११२९ सालच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात अशी स्पष्ट नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवरील आपली टीका ओवीत सांगितली, त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ओवी बायकांच्या हातात, उखळाशी होती. हे मला अतिशय महत्त्वाचे वाटते. आपल्या भाषेतल्या सर्वांत थोर ग्रंथाचा छंद ज्या नावाने ओळखला जातो ते नाव कष्टकरी बायकांच्या तोंडी आधीपासून होते, आणि हे आपल्याला शाळेत ज्या ठसठशीतपणे सांगायला हवे तसे सांगितले जात नाही.

आता कॅसेटमधल्या एका ओवीविषयी लिहिते, कारण आपल्या प्रश्नातला ‘ओळख’ हा शब्द मला तिथेच नीट उलगडला.

श्रावणाच्या झडीमधी नीरा भरली दुथडी,
पल्याड गं बंधू उभा, हाती लुगड्याची घडी.

आजी ही ओवी म्हणाली तेव्हा काकूने विचारले की हे कधीचे. दळता दळताच आजीने सांगितले की लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तिचा भाऊ तिला न्यायला आला होता. गावापाशी तेव्हा पूल नव्हता, उन्हाळ्यात ज्या उतारावरून पायी येता यायचे तो पाण्याखाली होता, आणि भाऊ दिवसभर पलीकडच्या काठावर थांबून संध्याकाळी परत गेला. पहिल्या पंचमीला माहेरी न जाता आलेली मुलगी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. मैत्रिणी झोके घेत असतात, फेर धरत असतात, आणि ती इकडे काठावर उभी. ही गोष्ट आजीने आजोबांना, माझ्या वडिलांना, कुणालाही कधी सांगितली नव्हती. साठ वर्षे ती फक्त जात्याला ठाऊक होती. त्यानंतर नीरेकडे पाहण्याची माझी नजर बदलली. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते, तो सोहळा मी लहानपणापासून पाहत आले होते. पण नीरा माझी झाली ती त्या ओवीने.

या ठिकाणी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जात्याचे दिवस फार गोड होते असे मी मानत नाही आणि आजीही मानत नसे. गिरणी आली त्या दिवशी आपण देवापुढे साखर ठेवली असे ती सांगायची. पहाटे उठून भल्या मोठ्या खटल्याचे पीठ काढणे हे हाडे झिजवणारे काम होते, आणि ओव्यांमध्ये सासुरवास, उपास, मार, एकटेपणा हे सारे याच कारणाने भरून आहे की त्या वेळी घरातले पुरुष झोपलेले असत आणि जात्याच्या आवाजाआड बोललेले बोल बाहेर जात नसत. सीतेचा वनवास या ओव्यांत वारंवार येतो, तो पोथीतला प्रसंग म्हणून क्वचितच येतो. दळणारी स्त्री सीतेशी सखीसारखी बोलते आणि तिच्या तोंडून आपले गाऱ्हाणे मांडते. आपल्या मुळांत सुखाइतकेच दुःखही साठलेले असते, आणि ते वगळून केवळ उत्सवाचे संगीत जपले तर आपण आजीची ओळख अर्धीच जपली असे होईल.

दुसरी गोष्ट मूळ या शब्दाविषयी. समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी पुण्यातील आपल्या संस्थेमार्फत महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ‘पारी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून त्या आवाजासह लोकांसमोर आणल्या. तो संग्रह मी अनेक रात्री ऐकला आहे. त्यात बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्या आहेत. चाल तीच, जाते तेच, ‘पहिली माझी ओवी’ म्हणण्याची रीतही तीच. पण ज्या जागी इतर बायका विठ्ठलाचे किंवा रामाचे नाव घेतात त्या जागी भीमराव आले आहेत. ज्यांना देवळाच्या पायरीवरही उभे राहू दिले नाही त्या बायकांनी आपल्या आयांकडून आलेला गळा टाकून दिला नाही, त्यात आपले नवे नाव बसवले. मला यात संगीत आणि ओळख यांच्या नात्याचे सर्वांत स्वच्छ दर्शन होते. वारशाने मिळतो तो गळा. त्यात नाव कुणाचे घालायचे हे गाणारी ठरवते.

काही वर्षांपूर्वी मी आजीची कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायला एका ओळखीच्या ध्वनितंत्रज्ञाकडे दिली. त्याने मोठ्या आस्थेने काम केले आणि मागची घरघर जवळजवळ पूर्ण पुसून टाकली. शब्द लख्ख ऐकू येऊ लागले, पण मला तो आवाज आजीचा वाटेना. उजाड माळावर एकटीच बोलत असल्यासारखी ती वाटत होती. मी त्याला घरघर परत घालायला सांगितली. काही ओव्यांचे शब्द त्यामुळे आता कळत नाहीत, आणि ते मला चालते.

म्हणून मी आपल्याला असे सुचवीन की घरातल्या वयस्क माणसांना ‘एखादे जुने गाणे म्हणा’ असे सांगू नये. त्यांना शेंगा सोलायला, वाती वळायला, पाळण्याची दोरी ओढायला बसवावे आणि आपणही शेजारी बसावे. ‘तुमच्या माहेरची नदी कोणती’, ‘पहिल्या सणाला न्यायला कोण आले होते’ असे विचारावे. कदाचित गाणे येईल, कदाचित नुसती गोष्टच येईल. शहरात जाते राहिले नाही तरी लग्नात हळद दळण्यापुरते ते अजून मांडले जाते, त्याला आंब्याची पाने आणि हळकुंड बांधले जाते, आणि तेवढा वेळ तरी खुंटा कुणाच्या तरी हातात येतो.

मागच्या वर्षी माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नात असेच झाले. हळदीच्या जात्याशी माझी आई बसली आणि तिने सासूची तीच ओवी धरली, फक्त ‘कऱ्हा भरली दुथडी’ अशी. आईचे माहेर सासवडचे, कऱ्हेकाठचे. ती इतकी वर्षे ही ओवी अशीच म्हणत आली आहे हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. ज्या घरात ती नांदायला आली तिथल्या ओवीत तिने आपली नदी आणून सोडली होती, आणि अक्षरांची मोजणी तेवढीच असल्याने कुणाच्या लक्षातही आले नव्हते. भाचीने शेजारी बसून खुंट्याला हात लावला, दोनदा ऐकले आणि विचारले, “आजी, माझं माहेर तर पुण्याचं. मी काय म्हणू?”

आईने जाते थांबवले नाही. “मुठा म्हण,” ती म्हणाली.