वाचकांचे प्रश्न : बँकेच्या लिलावाआधी घर विकावे का?

प्रश्न : घणसोलीतील आमच्या वन बीएचके घरावर गृहकर्ज आणि त्यावरचे टॉप-अप कर्ज मिळून, थकीत व्याजासह 63 लाख रुपये देणे आहे. यजमानांचा व्यवसाय बसल्यामुळे पाच हप्ते थकले. बँकेची साठ दिवसांची नोटीस येऊन पाच आठवडे झाले, ती मी देव्हाऱ्याच्या खणात ठेवली आहे आणि सासूबाईंना अजून काही सांगितलेले नाही. एका गिऱ्हाइकाने 66 लाख सांगितले आहेत, परंतु त्याला कर्ज काढायचे असल्याने दोन महिने लागतील. दुसरा पंधरा दिवसांत रोख व्यवहार करायला तयार आहे, पण 58 लाखांच्या वर जात नाही. न्यू जर्सीतील भाचा म्हणतो की तिकडे अशा वेळी ‘शॉर्ट सेल’ करतात. आम्ही काय करावे? मोठे दीर कर्जाला जामीनदार आहेत.
— एक वाचक, घणसोली

उत्तर : सर्वप्रथम ती नोटीस खणातून बाहेर काढा आणि तिच्यावरील तारीख कॅलेंडरवर मांडा, कारण साठ दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. बँकेच्या वसुली विभागात मी अनेक वर्षे काम केले आहे. घर गमावलेल्या बऱ्याच कुटुंबांकडे गिऱ्हाईक होते, फक्त ते बँकेसमोर उशिरा आले, हे मी जवळून पाहिले आहे.

भाच्याचे म्हणणे तिकडच्या व्यवस्थेपुरते बरोबर आहे. कर्जापेक्षा कमी किमतीत, बँकेच्या संमतीने केलेल्या विक्रीला अमेरिकेत शॉर्ट सेल म्हणतात. आपल्याकडे त्या नावाची स्वतंत्र प्रक्रिया नाही. तेच काम बँकेशी एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, करून साधावे लागते. शब्दांचाही घोटाळा होऊ देऊ नका. तिकडे फोरक्लोजर म्हणजे घरावर येणारी जप्ती. आपल्या शाखेत ‘फोरक्लोजर लेटर’ म्हणजे कर्ज मुदतीआधी पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारे पत्र. ते पत्र तुम्हाला आजच मागायचे आहे.

तुमची नोटीस 2002 च्या सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला न्यायालयात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम 13(2) खालील आहे. ती मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय घर विकता येत नाही, हे कलम 13(13) सांगते. म्हणून कोणाकडूनही विसार घेण्यापूर्वी बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. साठ दिवस उलटले की बँक प्रथम सांकेतिक ताबा घेते, म्हणजे दारावर नोटीस चिकटवते आणि ती दोन वृत्तपत्रांत छापते. पुढे मूल्यांकन होते, राखीव किंमत, म्हणजे लिलावातील किमान किंमत, ठरते आणि पहिल्या लिलावाआधी तीस दिवसांची विक्री-नोटीस द्यावी लागते. संपूर्ण देणे भरून घर सोडवून घेण्याचा तुमचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. 2016 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने ती रेषा तेथे ओढली आहे. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन जाऊ, असा हिशेब कृपया करू नका.

कागदावर पाहता 66 लाखांच्या गिऱ्हाइकाचे दोन महिने या वेळापत्रकात बसतात. अडचण वेगळीच आहे. दारावर नोटीस लागली की शेजारी वाचतात, दलाल वाचतात, गिऱ्हाइकाची बँक बिचकते आणि 66 चे 60 व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे साठ दिवस संपण्यापूर्वी, म्हणजे उरलेल्या साडेतीन आठवड्यांत, त्याच्या हाती कर्जमंजुरीचे पत्र यायला हवे. त्याच्या बँकेला तुमच्या बँकेकडून मूळ कागदपत्रांची यादी, म्हणजे एलओडी, आणि फोरक्लोजर लेटर लागेल. ती तुम्ही स्वतः मिळवून द्या, गिऱ्हाइकावर सोडू नका.

आता हिशेब. 66 मधून 63 गेले की तीन लाख उरतात, असे वाटते. परंतु किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक असल्याने खरेदीदार एक टक्का टीडीएस कापेल, म्हणजे 66 हजार (विवरणपत्र भरून ते पुढे मिळवता येतील, पण व्यवहाराच्या दिवशी हातात नसतील). दलाली एक टक्का धरली तर आणखी 66 हजार. सोसायटीची थकबाकी 38 हजार असल्याचे आपण सोबतच्या कागदात लिहिले आहे. उरले एक लाख तीस हजार. नऊ टक्के दराने 63 लाखांवर महिन्याला सुमारे 47 हजार केवळ व्याज चढते. दोन महिने धरले की शिल्लक 35 हजारांच्या आसपास येते. म्हणून सिडकोचे हस्तांतर शुल्क खरेदीदाराने भरायचे, हे आत्ताच लेखी ठरवा आणि आणखी चढ्या भावाची वाट पाहू नका.

58 लाखांत मात्र खर्च वजा जाता बँकेला सुमारे साडेसहा लाख कमी पडतील. हा सौदा नाकारू नका, राखून ठेवा. तडजोडीचा अर्ज याच आठवड्यात द्या. थकीत खात्यांत तडजोड करण्यासाठी बँकांनी आपापले धोरण ठेवावे, असे रिझर्व्ह बँकेने 8 जून 2023 च्या परिपत्रकात सांगितले होते. तडजोड मंजूर करणे बँकेवर बंधनकारक नाही, तरी लिलावाचा खर्च आणि विलंब तिलाही नको असतो. पहिल्या गिऱ्हाइकाची मंजुरी साडेतीन आठवड्यांत आली नाही आणि बँकेचे तडजोडपत्र हाती असेल, तर 58 ला विका.

त्या पत्राचे प्रत्येक वाक्य वाचा. ‘58 लाखांच्या विक्रीस हरकत नाही’ एवढेच लिहिले असेल तर उरलेले साडेसहा लाख तुमच्या डोक्यावर तसेच राहतात आणि ते बँक जामीनदाराकडूनही वसूल करू शकते. उर्वरित देणे माफ केले असून कर्जदार व जामीनदार दोघेही मुक्त झाले आहेत, हे शब्द पत्रात हवेत. क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेले कर्ज, अशी नोंद होईल आणि त्या बँकेकडून किमान 12 महिने नवे कर्ज मिळणार नाही. ही किंमत मोजावी लागेल. लिलावात गेलात तरी अहवाल बिघडतोच, शिवाय तूट पडली तर तिचा दावा मागे उभा राहतो.

सासूबाईंना केव्हा सांगायचे, हा आपल्या घरचा प्रश्न आहे. दिरांना मात्र आज संध्याकाळीच सांगा आणि प्राधिकृत अधिकाऱ्याकडे जाताना त्यांना सोबत घेऊन जा. कर्जाच्या कागदांवर जामीनदार म्हणून त्यांचीही सही आहे.