तुमचे प्रश्न : न बघता ब्रेडबोर्ड, उभी छापलेली ब्रेल पाटी

प्रश्न : आमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू बनवून शिकण्याची सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) आहे. यंदा आठवीत पूर्ण अंध असलेला एक मुलगा आणि व्हीलचेअर वापरणारी एक मुलगी आली आहे. सध्या दोघंही बाजूला बसून असतात. त्यांना स्वतःच्या हातांनी काम करता यावं म्हणून काय बदलू?
– विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : बाजूला बसवणं आधी थांबवा. त्यासाठी फार खर्च लागत नाही.

मुलीचा प्रश्न टेबलाचा आहे. खाली गुडघ्यांसाठी ७० सेंमी उंच, ८० रुंद आणि ५० खोल मोकळी जागा हवी. उंची पुरेशी असूनही पायांमधली आडवी पट्टी आड येते. फॅब्रिकेशनवाल्याकडून ती मागच्या बाजूला जोडून घ्या. सोल्डरिंगच्या (धातू वितळवून तारा जोडण्याच्या) वेळी मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष द्या. वितळलेला थेंब पडला की उभं असलेलं मूल पटकन मागे सरकतं, खुर्चीत तसं सरकता येत नाही. आणि पायांना संवेदना नसतील तर भाजलेलं कळतही नाही. टेबलाच्या कडेला सेंटिमीटरभर उंच पट्टी आणि मांडीवर जाड सुती किंवा चामड्याचा एप्रन हवाच. सिंथेटिक कापड नको, ते वितळून कातडीला चिकटतं.

मुलाला ब्रेडबोर्डपासून, म्हणजे सोल्डरिंग न करता भोकांत तारा खोचून सर्किट जोडायच्या पाटीपासून, सुरुवात करू द्या. मधली खाच आणि प्रत्येक ओळीतली पाच भोकं बोटांना कळतात. कडेवर दर पाच ओळींनंतर कानसीने खूण करा, म्हणजे पहिल्यापासून मोजत यावं लागणार नाही. वायर एकेरी तारेची घ्या. अनेक तारांची वायर टोकाला पिसकटते आणि शेजारच्या भोकात शिरते. एलईडीचा लांब पाय धन, हे बोटांना समजतं, पण दिवा लागला हे कळायला बझर हवा. तो ॲक्टिव्ह, म्हणजे नुसती वीज मिळताच आपोआप वाजणारा, असावा. पॅसिव्ह बझरला नुसते ५ व्होल्ट दिले तर ‘टक्’ होऊन तो गप्प बसतो आणि मुलाला वाटतं आपलीच जोडणी चुकली. रेझिस्टर (विजेचा प्रवाह अडवणारा भाग) किती ओहमचा हे सांगणारे रंगपट्टे त्याला वाचता येणार नाहीत. प्रत्येक ओहम-मूल्याची वेगळी डबी, झाकणावर ब्रेल. जोडणी तपासायला मल्टिमीटरची (वीज मोजायच्या यंत्राची) ‘बीप’ पुरते.

प्रश्न : त्या डब्यांसाठी थ्रीडी प्रिंटरवर ब्रेल पाट्या काढल्या. टिंबं टोचतात, काही तर निखळतात.

उत्तर : पाटी आडवी छापली असणार. ब्रेलचं टिंब जेमतेम ०.५ मिमी उंच. ०.२ मिमीच्या थरांनी त्याचे दोन-तीनच थर होतात, आणि नोझल (प्लास्टिक सोडणारी तोटी) वर उचललं की प्रत्येकाच्या टोकाला प्लास्टिकची सुई राहते. पाटी उभी छापा : टिंब पाटीच्या थरांबरोबरच घडत जातं, म्हणून गोलही होतं आणि घट्टही बसतं. जाडी ३ मिमी, थर ०.१५ मिमी. खाली ब्रिम (पायाभोवतीची पातळ छापील कड) द्या, नाहीतर उभी पाटी छपाईच्या मध्यातच कलंडते. टिंबांमधलं अंतर २.५ मिमी, अक्षरांमधलं ६ मिमी. पाटी डबीत बसत नाही म्हणून फाइल आक्रसू नका, बोटाला अक्षर लागणार नाही.

पाटीचं डिझाइन तो मुलगाच करू शकेल. ओपनएससीएडी या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार माउसने ओढावा लागत नाही, लिहून सांगता येतो. कोड नोटपॅडमध्ये लिहायचा, एनव्हीडीए हा स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम तो वाचून दाखवतो. दोन्ही मोफत आहेत.

छापल्यावर खरखर राहिलीच तर बारीक पॉलिशपेपर एकदाच हलका फिरवा. जास्त घासलं की टिंबांची उंची जाते.