योरुबा टोळी, योरुबा जमात की नुसतेच योरुबा?

प्रश्न असा आहे: नायजेरिया आणि रवांडाच्या राजकारणावरचा एक विद्यापीठीय निबंध मराठीत आणायचा आहे. त्यात ‘ट्राइब’ हा शब्द पानोपानी येतो. वर्तमानपत्रं ‘टोळी’ लिहितात, पुस्तकांत ‘जमात’ दिसतं, कुणी ‘आदिवासी’ सुचवलं आहे. नेमकं काय वापरावं?

‘टोळी’ तेवढी वापरू नका. मराठीत टोळी दरोडेखोरांची असते, मुंबईतल्या गुंडांची असते, किंवा ऊसतोडीची असते, मुकादमाने उचल देऊन बांधलेली. पाच-पन्नास माणसं आणि त्यांचा एक म्होरक्या एवढंच डोळ्यांपुढे येतं. नैर्ऋत्य नायजेरियातले योरुबा बोलणारे लोक काही कोटी आहेत. इफे, ओयो ही त्यांची नगरं इंग्रज तिथे पोचण्याच्या कित्येक शतकं आधी नांदत होती. इफेच्या कारागिरांनी घडवलेली धातूची मुखशिल्पं आज नायजेरियातल्या संग्रहालयांत आणि लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. बेल्जियममध्ये फ्लेमिश आणि वलून यांच्यात भाषेवरून जुनी तेढ आहे, पण ‘फ्लेमिश टोळी’ असं कुणी लिहीत नाही. त्याच बेल्जियमच्या ताब्यात रवांडा होता. तिथले हुतू आणि तुत्सी एकच किन्यारवांडा भाषा बोलत, एकाच डोंगरउतारावर शेजारी राहत. बेल्जियन प्रशासनाने 1930च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असा शिक्का मारला. 1994 साली रस्त्यारस्त्यावर नाकी उभारून हीच नोंद पाहून मुख्यतः तुत्सी माणसं मारली गेली. सुमारे 100 दिवसांत 8 लाखांच्या आसपास. याला आपल्याकडे ‘टोळीयुद्ध’ म्हटलं गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. सरकारी यंत्रणा, रेडिओ आणि लष्कर यांनी मिळून घडवलेला वंशसंहार त्या शब्दात गल्लीतली मारामारी होऊन बसतो.

‘टोळीप्रमुख’ही त्याच घरातला. आग्नेय नायजेरियातल्या इग्बो लोकांत बहुतेक ठिकाणी राजा किंवा प्रमुख नव्हताच. गावसभा, वयोगटांची मंडळं आणि स्त्रियांच्या स्वतंत्र सभा कारभार पाहत. इंग्रजांना मात्र गावोगाव आपला कारभार चालवून देणारा एक माणूस हवा होता. म्हणून त्यांनी सनदा देऊन प्रमुख नेमले. नोव्हेंबर 1929 मध्ये ओलोको गावी अशाच एका सनदी प्रमुखाचा माणूस मोजणी करत न्वान्येरुवा नावाच्या बाईपाशी आला. ती ताडफळांचं तेल काढत होती. शेळ्या, मेंढ्या आणि माणसं मोज, असं त्याने सांगितलं. तुझ्या आईची मोजणी झाली का, असं तिने उलट विचारलं. पुरुषांवर कर बसलाच होता, आता बायकांवर बसणार हे तिने ओळखलं. हजारो स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, प्रमुखांच्या दारांत गाणी म्हणत बसल्या, त्यांच्या पदाच्या टोप्या मागू लागल्या. गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया गेल्या आणि पुढे ती सनदी पद्धतच मोडीत निघाली. नसुक्का विद्यापीठातले इतिहासकार ए. ई. अफिग्बो यांनी या नेमलेल्या प्रमुखांचा सविस्तर अभ्यास केला. तुमच्या निबंधात ‘वॉरंट चीफ’ आले असतील तर ‘सनदी प्रमुख’ लिहा, नेमणूक कोणाची ते शब्दातच कळेल.

आता ‘जमात’. हा शब्द टाकून देऊ नका, पण कुठे वापरायचा ते ठरवा. मूळ लेखक वसाहतीच्या सरकारने आखलेल्या वर्गवारीबद्दल बोलत असेल, तर ‘जमात’ हाच शब्द बरोबर. आपल्याकडेही 1871च्या कायद्याने ‘गुन्हेगार जमाती’ अशाच कागदावर तयार झाल्या होत्या, त्यामुळे मराठी वाचकाला तो वास लगेच येतो. दक्षिण आफ्रिकेचे मानववंशशास्त्रज्ञ आर्ची माफेजे यांनी 1971च्या एका निबंधात हेच मांडलं: तिथल्या लोकांच्या भाषांत राष्ट्र, कुळ, घराणं यांना शब्द आहेत, ‘ट्राइब’ला नाही. याच माफेजेंची केपटाउन विद्यापीठातली नेमणूक 1968 साली वर्णभेदी सरकारच्या दडपणाखाली रद्द झाली होती आणि विद्यार्थ्यांनी प्रशासकीय इमारतीत ठिय्या दिला होता.

मात्र ‘ट्रायबलिझम’ला ‘जमातवाद’ लिहिलंत तर घोटाळा होईल. मराठीत जमातवाद म्हणजे धर्माधर्मांतली तेढ, हा अर्थ पक्का बसला आहे. केनियातल्या निवडणुकांबद्दल तो शब्द वाचून वाचक हिंदू-मुस्लिम चौकटीत शिरतो. मी ‘समूहवाद’ पसंत करेन. पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत उलगडून सांगा. स्वाहिलीत यालाच ‘उकाबिला’ म्हणतात, ‘काबिला’वरून. तोच अरबी शब्द आपल्या ‘कुटुंबकबिल्या’त आहे, फक्त आपल्याकडे तो घरापुरता आक्रसला. केनियातली माणसं स्वतः तो शब्द सर्रास वापरतात, हेही लक्षात असू द्या. कुणाच्या तोंडचं वाक्य असेल तर ते धुऊनपुसून घेऊ नका.

‘आदिवासी’ हा भिल्ल, गोंड, वारली यांच्या इथल्या हक्काच्या लढ्यातून अर्थ मिळालेला शब्द आहे. कालाहारी वाळवंटातल्या सान लोकांची जमिनीवरच्या हक्काची मागणी त्याच्या जवळ जाते, तिथे तो चालेल. योरुबा किंवा झुलूंना तो लागत नाही.

बाकी बहुतेक वाक्यांत काहीच जोडावं लागत नाही. ‘योरुबा टोळीतील नेते आवोलोवो’ऐवजी ‘योरुबा नेते आवोलोवो’ लिहा. गरजच पडली तर ‘इग्बो समाज’, ‘हौसाभाषक’. तुमच्या मसुद्यातले ‘ट्राइब’ एकेक करून तपासलेत, तर निम्म्याहून अधिक ठिकाणी नुसतं नाव पुरेल असा माझा अंदाज आहे.