'इमाली': 'मनी' की 'माल'?

प्रश्न असा : दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत पैशाला 'इमाली' म्हणतात. हा इंग्रजी 'मनी'चा अपभ्रंश का?

नाही. कानाला तसं वाटतं खरं, पण हा अरबी 'माल'. आपण मालगाडीत भरतो तोच.

'मनी'वर फुली मारायला एक उदाहरण पुरे. इंग्रजी 'मशीन' झुलूत 'उमशिनी' झालं, खोसात 'उमातशिनी'. 'न' जागचा हलला नाही. दोन्ही भाषांत 'न' आणि 'ल' वेगवेगळे नांदतात, त्यामुळे 'मनी'तल्या 'न'चा 'ल' व्हायला कारणच नव्हतं.

शेवटची 'ई' आली ती पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत. बांटू कुळातल्या या भाषांना शब्द स्वरावर संपलेला लागतो, म्हणून 'माल'चा 'माली' झाला. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरबांचा व्यापार शतकानुशतकं चालला. तिथून शब्द दक्षिणेकडे उतरला. झिम्बाब्वेतल्या शोना भाषेत तो 'मारी' आहे, कारण प्रमाण शोनात 'ल'च नाही.

सुरुवातीचा 'इ' हा नामाचा उपसर्ग, आणि बाकीच्या वाक्याला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. झुलूत 'इमाली यामी इफेलिले' म्हणजे 'माझे पैसे संपले'. 'यामी'तला 'य' आणि क्रियापदाचा पहिला 'इ' दोन्ही 'इमाली'च्या वर्गामुळे आलेले. आपण लिंगाप्रमाणे 'माझा-माझी' करतो त्यातलाच प्रकार. किंमत विचारताना मात्र उपसर्ग गळतो आणि 'काय' या अर्थाचा 'नि' मागे लागतो : 'मालिनी?' मराठी माणूस हाक कुणाला मारली म्हणून वळून बघेल! फक्त उच्चारात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर लांबतं : 'इमाऽली', पण 'मालीऽनि'.

अर्थाची वाटणी मजेदार आहे. अरबीत 'माल' म्हणजे धनदौलत, चीजवस्तू. भटक्या टोळ्यांत तर गुरं-उंटसुद्धा. स्वाहिलीत 'माली' संपत्तीपाशीच थांबला, कारण रोकडीसाठी त्यांनी 'पेसा' घेतला, आणि तो आपल्याकडचा 'पैसा'. झुलू-खोसात 'इमाली' थेट पैसा झाला. मराठीत विक्रीचा जिन्नस उरला, तरी 'मालदार' आणि 'मालमत्ता' यांत जुना अर्थ शाबूत आहे.

'मालक' मात्र या घरचा समजू नका. 'माल'चा अरबी धातू म-व-ल, 'मालक'चा म-ल-क. त्याचा सख्खा भाऊ 'मुलूख'.