फुकट आणि मुक्त : लिनक्सविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात मी गेली सुमारे वीस वर्षे घरी आणि कामावर विंडोजऐवजी केवळ लिनक्स ही मुक्त संगणक-प्रणाली वापरत असल्याचे लिहिले होते, आणि सॉफ्टवेअर निवडताना किमतीच्याही आधी ‘हे बिघडले तर उघडून पाहण्याचा अधिकार कोणाकडे राहतो’ हा प्रश्न विचारावा, असे मत मांडले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. दोन पत्रांत माझ्यावर आंधळ्या भक्तीचा आरोप आहे. तो खरा की खोटा, हे पुढील उत्तरे वाचून वाचकांनीच ठरवावे.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत २०१६ साली घेतलेले चौदा संगणक आहेत. विंडोज १० बंद झाल्याने ते सर्व मोडीत काढावेत, असे पुरवठादार सांगतो. लिनक्सवर ते चालतील का? आणि मुले पुढे नोकरीत मागे तर पडणार नाहीत ना? (एक शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : आपले संगणक निकामी झालेले नाहीत, त्यांच्यावरील प्रणालीची देखभाल थांबवण्याचे ती बनवणाऱ्या कंपनीने ठरवले, एवढेच झाले आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि ही पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. त्यामुळे २०१६ चे यंत्र कितीही नीट चालत असले तरी ते अधिकृत यादीत बसत नाही.

लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती अशा यंत्रांवर उत्तम चालते. मात्र चौदाही संगणकांवर एकदम ती बसवू नये. प्रथम ती पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि त्यावरूनच एक संगणक सुरू करून पाहावा. हार्ड डिस्कला हात न लावता वाय-फाय, आवाज, प्रोजेक्टर आणि विशेषतः प्रिंटर चालतो की नाही, हे अर्ध्या तासात कळते. प्रिंटर म्हणतो ते खरे, असा माझा अनुभव आहे. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी ही वेगवान साठवण बसवली आणि मेमरी चारऐवजी आठ जीबी केली, तर नव्या संगणकाच्या किमतीच्या लहानशा भागात यंत्राचा वेग इतका सुधारतो की मुलांना संगणक बदलल्यासारखे वाटते. कार्यालयातील एका संगणकावर मात्र विंडोज राहू द्यावे, कारण डिजिटल स्वाक्षरीची टोकने आणि काही कार्यालयीन सॉफ्टवेअर लिनक्सवर अजूनही त्रास देतात. ते चालतेच असे मी आपणास सांगितले, तर पहिल्याच महिन्यात आपण मला शिव्या द्याल आणि ते रास्तच असेल.

नोकरीविषयीची भीती मला पटत नाही. केरळच्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षे लिनक्सवर संगणक शिकवला जातो आणि तेथील मुले नोकरीच्या बाजारात त्यामुळे अडली, असे दिसलेले नाही. कार्यालयीन सॉफ्टवेअरचे मेनू दर काही वर्षांनी बदलतात. सातवीत पाठ केलेला मेनू नोकरी लागेपर्यंत तसाच राहण्याची शक्यता तशीही कमीच, पण स्तंभालेखाचे दोन अक्ष काय सांगतात हे ज्याला कळले, तो ते कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये काढू शकतो. शिकवण्यासाठी मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पात लिब्रेऑफिससारख्या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरचे छोटे दृकश्राव्य पाठ तयार केले आहेत आणि त्यांतील अनेक मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत.

प्रश्न : सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्या सूचनांनी लिहिले जाते त्या, सर्वांना खुला असेल तर तो चोरालाही खुला असतो. २०२४ मधील ‘एक्सझी’ प्रकरणानंतर मुक्त सॉफ्टवेअर अधिक सुरक्षित आहे, असे आपण अजूनही म्हणाल काय? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : सरसकट म्हणणार नाही. ‘कोडवर पुष्कळांची नजर असते’ हा आमच्या गोटातील आवडता दावा मीही कैक वर्षे करत असे. पण नजर असू शकते आणि नजर असते यांत फरक आहे. ओपनएसएसएल या संकेतस्थळांचे संरक्षण करणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे इतर सॉफ्टवेअर वापरतात अशा तयार कोडच्या संचात, २०१२ साली शिरलेली ‘हार्टब्लीड’ ही चूक एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. मधली दोन वर्षे ती सर्वांच्या डोळ्यांदेखत होती.

एक्सझीचे प्रकरण त्याहून गंभीर, कारण ती चूक नव्हती, तो कट होता. एक्सझी हे फाइली आकुंचित करण्याचे साधन आहे आणि त्याचा भार वर्षानुवर्षे मुख्यतः एकाच माणसाने, कोणत्याही पगाराविना, वाहिला. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त सुधारणा पाठवून त्याचा विश्वास मिळवला. त्याच सुमारास काही अनोळखी नावांनी ‘काम फार हळू चालले आहे, दुसऱ्याच्या हाती द्या’ असा तगादा लावला, आणि आपली मानसिक प्रकृती ठीक नसल्याचे त्या मूळ मेंटेनरने, म्हणजे देखभाल करणाऱ्याने, लिहूनही तो तगादा थांबला नाही. अखेर चाव्या हाती आल्यावर ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवण्यात आला. तो चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींच्या आत दडवलेला होता आणि त्याला जागे करणारा छोटा तुकडा सार्वजनिक भांडारात नव्हता, तर फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. म्हणजे ज्यांनी भांडारातील कोड प्रामाणिकपणे वाचला असता, त्यांनाही सगळे दिसले नसते. आपल्यासारख्या विद्यार्थ्याने या प्रकरणातून एकच तपशील लक्षात ठेवायचा असेल, तर मी हा सुचवेन.

ते पकडले अँड्रेस फ्रॉइंड यांनी. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे हे अभियंते वेगळ्याच मोजमापात गुंतले असताना एसएसएच या दूरच्या संगणकात शिरण्याच्या साधनाने लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांना खटकले. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते एक्सझीपर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सर्व उघड केले. सुदैवाने तोवर ही आवृत्ती बहुतेक ठिकाणी लिनक्सच्या चाचणीसाठीच्या आवृत्त्यांमध्येच पोहोचली होती. कोड खुला असल्यामुळे हा हल्ला टळला नाही, हे मान्य करावे लागते. पण फ्रॉइंड यांना तपासासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही, कोणत्याही कंपनीच्या ग्राहकसेवेकडे तक्रार नोंदवून वाट पाहावी लागली नाही, आणि सापडलेले सांगण्यास कोणी मनाई करू शकले नाही. सुरक्षिततेची हमी मी देत नाही. तपासाचा अधिकार राहतो, एवढेच म्हणतो, आणि माझ्या दृष्टीने ते पुरेसे मोठे आहे.

प्रश्न : माझ्या छापखान्यातील वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या मराठी फाइली आता उघडल्या की नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. लिनक्सवर त्या वाचता येतील काय? मुळात लिनक्सवर मराठी नीट येते काय? (निवृत्त मुद्रक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या पत्राने मला माझ्याच कपाटातील सीडी आठवल्या. एका स्मरणिकेचा सगळा मजकूर माझ्याकडे आहे आणि त्यातील एक ओळ मला वाचता येत नाही. त्या काळच्या मराठी फॉन्टांत देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. संगणकाच्या लेखी आपण इंग्रजीच टंकत होतो, फक्त ते मराठीसारखे दिसत होते. कोणत्या जागेवर कोणता आकार, हे प्रत्येक कंपनीने आपल्यापुरते ठरवले. फॉन्ट किंवा त्यासोबतचे कुलूप-उपकरण गेले की मजकूरही गेला. पन्नास वर्षांपूर्वीचा छापील दिवाळी अंक आज सहज वाचता येतो, पण पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल येत नाही. आमच्या पिढीने हे निमूटपणे स्वीकारले, कारण छपाई वेळेवर होत होती.

प्रत्येक लिपीतील अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, म्हणजे लिनुस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स जाहीर केले तेच साल. पण आपल्या छापखान्यांत ते झिरपायला दोन दशके लागली. आपल्या फाइली परत मिळवण्यासाठी प्रथम कोणता फॉन्ट वापरला होता, हे शोधावे आणि त्या विशिष्ट फॉन्टाचा युनिकोडमध्ये रूपांतर करणारा परिवर्तक वापरावा. अशी अनेक साधने लिनक्सवर ब्राउझरमध्येच चालतात. रूपांतरानंतर मुद्रितशोधन मात्र टळत नाही. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असे आणि रफार अक्षरानंतर, जसे डोळ्यांना दिसते तसे. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतो. परिवर्तक चुकतो तो बहुधा याच दोन ठिकाणी, आणि जोडाक्षरावर वेलांटी असेल तर हमखास.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय, नीट येते’ असे आहे. सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडला की वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. आपल्यासारख्या मुद्रकाला ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील फरक सांगायला नको. पहिला गुरुजींना मिळतो आणि दुसरा स्वयंपाक्याला. त्या दुसऱ्या शब्दासाठी इनस्क्रिप्टवर शिफ्ट दाबून जे ही कळ दाबावी, मग हलन्त, मग य. हा आडवा र पडद्यावर नीट दिसतो याचे श्रेय हार्फबझ या मुक्त लायब्ररीला जाते. लिपीचे आकार जुळवण्याचे काम ती करते, आणि फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सर्वांत ती आहे. तेव्हा लिनक्सचे नावही न ऐकलेला मराठी वाचक मोबाइलवर बातम्या वाचताना मुक्त सॉफ्टवेअरच वापरत असतो. फॉन्ट हवा असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ पाहावा. त्याचा परवाना मुक्त असल्याने पुस्तकात, फलकावर, कोठेही विनाशुल्क वापरता येतो.

प्रश्न : सर्वांत चांगली डिस्ट्रो (लिनक्सचा तयार संच) कोणती? (नाशिक)

उत्तर : आपल्या ओळखीतील, रात्री नऊनंतरही फोन उचलणारा माणूस जी वापरतो ती.

प्रश्न : मी एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. आमचे उत्पादन शेकडो मुक्त लायब्रऱ्यांवर उभे आहे, पण त्यांच्यासाठी आम्ही एक रुपयाही देत नाही. व्यवस्थापन म्हणते, ‘ते फुकट आहे म्हणूनच घेतले.’ यात चूक काय? (ठाणे)

उत्तर : कायद्याने काहीच नाही. इंग्रजीत फुकट आणि मुक्त यांना ‘फ्री’ हा एकच शब्द असल्याने मुक्त सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना १९८३ पासून आपल्या चळवळीचा अर्थ पुन्हापुन्हा समजावून सांगावा लागला. आपल्याकडे दोन स्वच्छ वेगळे शब्द असूनही व्यवस्थापनाने नेमका पहिला उचलावा, याचे वाईट वाटते.

मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाची अकरा ओळींची लायब्ररी तिच्या लेखकाने एका वादानंतर काढून घेतली, तेव्हा जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. अकरा ओळी कोणीही लिहिल्या असत्या, पण आपण त्यांच्यावर उभे आहोत हेच कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून व्यवस्थापनापुढे दानधर्माची भाषा करू नका, जोखमीची करा. आपण कोणत्या लायब्रऱ्या वापरतो, त्यांपैकी किती एकेकट्या माणसाच्या खांद्यावर आहेत, याची यादी करा. सर्वांत वरच्या दोनतीनसाठी आपल्या एका अभियंत्याचे आठवड्यातील काही तास मागा. पैशांपेक्षा हे लवकर मंजूर होते, आणि मेंटेनरला बहुधा तेच अधिक हवे असते.

उलट बाजूही सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या साधनाचा आणि मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसचा परवाना त्यांच्या कंपन्यांनी आवळला, कारण दुसरे लोक आपल्या कामावर कमावतात ही त्यांचीही तक्रार होती. पण आधी मुक्त केलेला कोड परत घेता येत नाही. त्यातूनच, जुना मुक्त कोड घेऊन, ओपनटोफू आणि व्हल्की हे स्वतंत्र फाटे निघाले, आणि रेडिसने पुढच्याच वर्षी पुन्हा एक मुक्त परवाना देऊ केला. मुक्त या शब्दाची किंमत अशा वेळी कळते.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट घातल्यावर वाय-फाय दिसेनासे झाले. एका वापरकर्ता-गटात विचारले, तर ‘आधी मॅन्युअल वाचा, नाहीतर विंडोजला परत जा’ असे उत्तर मिळाले. तुमच्या लोकांना इतका गर्व कशाचा? (पदवीची विद्यार्थिनी, अमरावती)

उत्तर : हा दोष खरा आहे आणि तो माझ्यातही होता. स्वतः रात्री जागून जे शिकलो, ते दुसऱ्याने पाच मिनिटांत विचारून घ्यावे, हे काही काळ मला सहन होत नसे. हा उर्मटपणा वरूनही झिरपला. टोरवाल्ड्स यांची तिखट पत्रे आम्ही कौतुकाने एकमेकांना दाखवत असू; सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतः त्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली, तेव्हा आमच्यापैकी अनेकांना ते आवडलेही नव्हते.

आता तुमच्या वाय-फायविषयी. मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग सुरू करा. लॅपटॉपला तेवढ्यापुरते इंटरनेट मिळेल. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून तो सुचवेल तो ड्रायव्हर निवडा. ब्रॉडकॉम या कंपनीची वाय-फाय चिप असेल तर बहुधा एवढ्याने काम होते. सिक्युअर बूट (केवळ मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सुरक्षा-सोय) चालू असेल तर याच वेळी तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाईल, आणि पुन्हा सुरू करताना निळ्या पडद्यावर तोच विचारला जाईल. तेथे घाईने ‘कंटिन्यू बूट’ दाबू नका. ‘एनरोल एमओके’ निवडून पासवर्ड द्या. तो पडदा एकदाच येतो आणि चुकवला तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही. मी तो दोनदा चुकवला होता.